सुगंधाचा एक शब्द

देवबाग,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. जितेंद्रदादांना सत्यवानचा नमस्कार.

खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता दोन-तीन महिने खाट सोडायची नाही, हे तुमच्या सूनबाईंनी, रश्मीने फोनवर सांगितलं. तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तिच्याकडेच निरोप द्यावा असं मनात होतं. पण आमच्याकडे रेंज मिळते ती पुढच्या पडवीत, आणि पडवीतच सुगंधाची खाट आहे. तिच्यासमोर तिच्याविषयी बोलायला माझी जीभ उचलत नाही. म्हणून लिहितो. सातवीची परीक्षा दिल्यापासून एवढं सलग काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका पोटात घाला.

तुमची बहीण जिवाने ठीक आहे. झटक्याने गेलेला उजवा हात आणि उजवा पाय अजून हलत नाही. भरवलेल्या पेजेतली अर्धी बाहेर येते. मालवणहून एक माणूस एक दिवसाआड येतो, हातापायाचा व्यायाम करून घेतो. मी रापणीवर जात नाही. किनाऱ्यावर जाळं ओढायला माझ्या जागी दुसरा उभा राहतो. पाहुण्यांच्या दोन्ही खोल्यांना कुलूप आहे.

बोलणं एका शब्दापुरतंच. हॉस्पिटलातून निघायच्या दिवशी तिने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, तेव्हा तुम्ही खाटेजवळ होतात. तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून मी तुमच्या तळहातावर बोटाने लिहून दाखवलं: कीप. तुम्ही माझा खांदा धरलात आणि डॉक्टरांकडे गेलात. महिना झाला, त्या एका शब्दापुढे ती गेलेली नाही. मला बघून कीप. कावळा ओरडला की कीप. मी तुळशीपाशी दिवा लावतो तेव्हा हळू आवाजात, लांबवून, कीऽप.

हा शब्द तिने पाहुण्यांकडून उचलला. आठ वर्षं खोल्या चालवल्या तिने. 'शूज कीप हंयसर', 'चावी कीप थंयसर' असं ती पुण्या-बेंगलोरच्या लोकांना दटावायची, आणि ते हसत ऐकायचे. आपली एवढी मोठी मालवणी तोंडातून धुऊन गेली आणि हा परका शब्द तेवढा अडकून राहिला. देवाने तो ठेवला असेल तर काही कारणाने ठेवला असेल, असं मी धरून चाललो आहे.

मला इंग्रजीची अक्षरं येतात, बाकी काही नाही. तुम्ही जन्मभर ते शिकवलंत. तर या शब्दाचे जेवढे अर्थ असतील तेवढे मला लिहून पाठवा. एकही गाळू नका. तिला काय सांगायचं आहे ते मला कळायला हवं.

तुमचा,
सत्यवान

---

खारेपाटण,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सत्यवानभावोजी,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. रश्मी म्हणाली, "बाबा, औषधापेक्षा ह्या कागदानंच तुमका बरा वाटलेला दिसता." तिने ते पाटीवर लिहून दाखवलं. आमच्या घरात हल्ली असंच बोलणं चालतं.

एकतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून एकाही माणसाने मला एका शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. तुम्ही सगळे अर्थ मागितलेत. शब्दकोश छातीवर ठेवून झोपल्या झोपल्या दोन दिवस कामाला लागलो.

आधी साधा अर्थ: ठेवणे. खरं म्हणजे एखादी वस्तू कुठे ठेव असं सांगताना इंग्रज पुट म्हणेल; आपल्याकडची माणसं सर्रास कीप म्हणतात. सुगंधाचे पाहुणेही तेच म्हणत असणार. दुसरा अर्थ चालू ठेवण्याचा. कीप गोइंग म्हणजे थांबू नको, पुढे जात राहा. कीप क्वाएट म्हणजे गप्प राहा, हे तर वर्गात मीच दिवसातून वीस वेळा म्हणायचो. तिसरा, शब्द पाळणे. दिलेलं वचन माणूस कीप करतो. गाय, कुत्रा, कोंबड्या बाळगतात तिथेही हाच शब्द. चौथा, दूर ठेवणे: कीप अवे. यात तो शब्द आपल्या अर्थाच्या अगदी उलट दिशेला जातो, पण जातो खरा. आणि शेवटचा, मला स्वतःला आवडणारा: जवळ राखणे. हातचं जाऊ न देणे. एखाद्याला काही द्यायचं आणि वर म्हणायचं, कीप इट. परत नको देऊस, तुझ्यापाशीच असू दे.

आणखीही बारीकसारीक आहेत. लोणचं टिकतं, नासत नाही, तिथेही इंग्रज कीपच म्हणतो.

लहानपणी मी पाठ घोकायचो तेव्हा सुगंधा शेजारी बसून काजूचे गर सोलायची. मी अडलो की पुढचा शब्द ती सांगायची. मला राग यायचा. सातवीनंतर तिला शाळेतून काढायचं ठरलं तेव्हा आई-बाबांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, काढा. हे तुम्हाला ठाऊक नसेल. तिला ठाऊक आहे.

तिला माझा आशीर्वाद सांगा.

जितेंद्र

---

देवबाग,
२८ फेब्रुवारी २०२५

ती. दादा,

तुमचं पत्र मी देवाजवळ ठेवलं आणि अर्थ वहीत उतरवून काढले. आता रोज त्यावर काम चालतं.

परवा सकाळी तिची खाट उन्हाला अंगणात काढली होती, तेव्हा तिने माडाकडे बघून शब्द म्हटला. मी वही बघितली. ठेवणे बसेना, पाळणे बसेना. मग वर बघितलं तर एक सुकलेली झावळी लोंबत होती, खाटेच्या बरोबर वर. दूर ठेवणे! मी खाट सरकवली. ती परत म्हणाली, कीप. पण आवाज निराळा होता, दादा. समाधानाचा होता असं मला वाटलं.

पेज भरवताना म्हणते तेव्हा मी चालू ठेवणे धरतो आणि आणखी दोन घास देतो. कधी ती गिळते, कधी ओठ मिटून घेते. मी अर्थ चुकीचा लावला की ओठ मिटत असावेत.

शेजारची नर्मदाकाकी काल आली होती. खाटेवर बसली आणि सुरू झाली, "गो सुगंधा, इंग्रजी बोलूक लागलंस आणि आमका इसारलंस मां! माझो घोव दिसभर बडबडता, त्यातलो एक शब्द कामाचो नाय. तुझो एकच, आणि ह्यो बघ, वही घेवन बसलो हा शाळेतल्यासारखो." सुगंधाचा अर्धा चेहरा हसला. डाव्या बाजूने. आजारपणानंतर पहिल्यांदा. मी आत जाऊन देवाला हात जोडले.

सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिचं बोलणं इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं. रापणीवरून यायचो, जेवायचो, ती बोलत असायची, मी हूं हूं करायचो. आता एका शब्दासाठी दिवसभर कान लावून बसतो.

एवढंच विचारायचं आहे की या सगळ्या अर्थांत मुख्य कुठला? मनातून निघालेला शब्द असेल तर माणूस कुठला अर्थ धरून बोलेल?

तन्वी शिमग्याला मुंबईहून येते आहे. तिच्या डोक्यात आईविषयी काहीतरी आहे. आल्यावर बघू.

तुमचा,
सत्यवान

---

खारेपाटण,
६ मार्च २०२५

प्रिय भावोजी,

मुख्य अर्थ कुठला, हे मला सांगता येणार नाही. शब्दकोशात पहिला छापलेला म्हणजे मुख्य, असं मी मुलांना सांगायचो, पण ते खरं नाही. वाक्यात बाकीचे शब्द असतात, त्यांच्यावरून अर्थ ठरतो. तुमच्याकडे वाक्य नाही. नुसतं क्रियापद आहे. कोणी, काय, कोणाला, काहीच नाही.

एक वापर मागच्या वेळी राहिला होता. एखाद्यापासून गोष्ट लपवून ठेवणे, तिथेही हाच शब्द येतो.

सुगंधा हसली हे वाचून मला फार बरं वाटलं. तुमच्या पत्रात पुष्कळ दिवसांनी उजेड दिसला. मला तुम्हाला एक गोष्ट लिहायची होती. हॉस्पिटलातली. आज नको. ताकद आली की लिहीन.

तन्वीच्या डोक्यात काय आहे ते कळवा. ती शहाणी मुलगी आहे. तिचं ऐका.

जितेंद्र

---

देवबाग,
२१ मार्च २०२५

ती. दादा,

तुम्ही तन्वीचं विचारलंत, म्हणून सगळं लिहितो.

तिने मुंबईत एक केंद्र शोधलं आहे. झटक्याने वाचा गेलेल्या माणसांना तिथे तीन महिने ठेवून घेतात आणि पुन्हा बोलायला शिकवतात. बरोबर बाईमाणूस राहू शकतं. आईसाठी जागा मिळाली होती, आणि तन्वीने तीन महिन्यांची रजाही टाकली होती. मला हे जानेवारीअखेरीपासून ठाऊक होतं. तुम्हाला लिहिलं नाही, कारण माझंच मन ठरत नव्हतं. एवढी लांब, अनोळखी माणसांत, बोलता न येणारी बाई. तिला जायचं आहे की नाही हे कोणी विचारायचं? आणि तिने सांगायचं कसं?

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी तन्वीने बॅग भरायला घेतली. साड्या, गाऊन, औषधं. सुगंधा खाटेवरून बघत होती. तन्वीने बॅगेची चेन लावली तशी सुगंधाने डावा हात टाकून बॅगेचा पट्टा पकडला आणि कीप, कीप, कीप असं सारखं सुरू केलं. घाम फुटला तिला. तन्वी म्हणाली, "बघा, आये तयार आसा." मला उलट दिसलं. ती बॅग अडवत होती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

आमचं दोघांचं भांडण झालं. मग मी म्हटलं, माणसाला कळत नसेल तर देवीला विचारू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातेरीच्या देवळात गेलो. तुमच्या पत्रातले अर्थ मी एका कागदावर प्रश्न करून लिहिले होते. गंगाराम गुरवाने कागद बघितला आणि कपाळाला हात लावला.

"मेल्या सत्या, देवीक इंग्रजी येता काय रे?"

"मी मालवणीतच इचारतंय. तू फकत पाकळी लाव."

"लावतंय. पण असो कौल माझ्या बापाशीनव लावलो नाय हां!"

पण गाऱ्हाणं घालताना तो गंभीर झाला. "गे आवशी सातेरी माये, ह्या तुझ्या लेकराची घरकारीण वाचेक मुकली हा. तिच्या मनात काय आसा तां आज उघड करून दाखव गे माये!" मागे उभ्या असलेल्या चौघांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. तन्वी खांबाजवळ उभी होती.

मी विचारलं, तिच्या शब्दाचा अर्थ जवळ राख, जाऊ देऊ नको, असा असेल तर उजवा दे. उजवी पडली तर होय आणि डावी पडली तर नाही, हे तुम्हाला सांगायला नको. देवीच्या अंगावर लावलेली उजवी पाकळी पडली, दादा. वाट बघावी लागली नाही. लगेच पडली.

देवळातून बाहेर आल्यावर तन्वी म्हणाली, "बाबा, देवीक इंग्रजी येत नाय. पण तुमच्या मनातला बरोबर वाचता ती."

पोर रागात होती. मी मनावर घेतलं नाही. ती एकोणीस तारखेला एकटीच परत गेली. केंद्राची माणसं पंधरा एप्रिलपर्यंत जागा धरून ठेवणार आहेत असं जाताना सांगून गेली. आईच्या पायांना हात लावला तेव्हा सुगंधाने तिच्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड केलं. आईलाही तिचा राग आला असणार.

आता घरात शांत आहे. तुमच्या विद्येचा आणि देवीच्या कृपेचा आधार मिळाला. तुमचे उपकार विसरणार नाही.

तुमचा,
सत्यवान

---

खारेपाटण,
२६ मार्च २०२५

भावोजी,

उपकार हा शब्द खोडून टाका.

हॉस्पिटलात त्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं. ती चिठ्ठी माझ्या शब्दकोशात आहे. लिहिलंय ते मराठीत असं: वाचा गेलेल्या काही रोग्यांच्या तोंडात एखादा शब्द अडकून राहतो. काहीही म्हणायचं असलं तरी तोच बाहेर पडतो. त्या शब्दाला अर्थ नसतो. शोधू नये. रोग्याला समजतं पुष्कळ. होय किंवा नाही एवढ्यात उत्तर येईल असे प्रश्न विचारावेत, चांगल्या हाताने हात दाबायला सांगावा, एकदा होय, दोनदा नाही. आणि वाचेचे उपचार लवकर सुरू करावेत, पहिले काही महिने फार मोलाचे.

मी ती चिठ्ठी खिशात घातली. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात आणि तुमच्या चेहऱ्यावर आनंद होता. ती बोलली, दादा, ती बोलली, असं तुमच्या ओठांवरून मला वाचता येत होतं. मला वाटलं, उद्या सांगू. मग मी पडलो आणि खाटेला खिळलो. मग तुमचं पत्र आलं. मला काय झालं ते सांगतो. मला कोणीतरी विचारत होतं. मला पुन्हा मास्तर व्हायचं होतं. अर्थ नसलेल्या शब्दाचे अर्थ मी तुम्हाला दोन पानं भरून पाठवले, आणि अर्थ नाही हे माहीत असताना पाठवले. डॉक्टर तुम्हालाही हे सांगतीलच, मुलगी काय ते बघेल, असंही मनाला समजावलं. त्या यादीचा कौल होईल असं माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

रश्मी म्हणाली, फोन करते. मी तिला अडवलं. हे तिच्या तोंडून तुम्ही ऐकावं असं मला वाटेना. पंधरा तारखेला अजून अवकाश आहे.

भावोजी, तुम्ही मला विचारलंत, देवीला विचारलंत. आता तिचा डावा हात हातात घ्या आणि तिला विचारा. हे पत्र खाली ठेवा आणि आधी विचारा.

अपराधी,
जितेंद्र

---

देवबाग,
८ जून २०२५

ती. दादा,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. सव्वीस मार्चचं पाडव्यानंतर दोन दिवसांनी आलं होतं. नंतरची दोन एप्रिलमध्ये. रश्मीचे फोनही आले. मी उचलले नाहीत. आज लिहितो आहे ते तुम्हाला दोष द्यायला नाही. तुम्ही चिठ्ठी लपवलीत, पण मी काय केलं ते ऐकलंत तर तुमचं ओझं हलकं होईल.

पत्र वाचून झालं तेव्हा सुगंधा माझ्यापासून चार हातांवर होती. जागी होती. तुम्ही लिहिलं होतं, आधी विचारा. मी पत्राची घडी केली, देवाजवळ ठेवली आणि तिच्यासाठी पेज करायला गेलो.

दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रोज तिचे केस विंचरायचो, अंग पुसायचो, हात धरून बसवायचो. तो हात माझ्या हातात असायचा, दादा. फक्त विचारायचं होतं. पंधरा एप्रिल मला पाठ होती. कॅलेंडरकडे बघावंही लागत नव्हतं.

मी विचारलं सोळा तारखेला.

का, ते तुम्हाला कळलं असेल. आता तिने काहीही सांगितलं तरी मला तिला पाठवावं लागणार नव्हतं.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिचा डावा हात धरला, एकदा होय, दोनदा नाही हे समजावलं आणि आधी सोपं विचारलं. "तुझा नाव सुगंधा?" तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग एकदा दाबला. "माझा नाव गंगाराम?" दोनदा, जोरात, आणि अर्धा चेहरा हसला. मीही हसलो. तीन महिने ती समोर होती, दादा, पूर्ण. मी वहीत शोधत होतो. मग विचारलं, "तुका तन्वीवांगडा जावचा होता?" तिचं हसणं थांबलं. हात एकदा दाबला. मी म्हटलं, "बॅग अडवत होतंस मां तू?" दोनदा. "बॅग घेवन जावचा होता?" एकदा. आणि मग मी न विचारताच पुन्हा एकदा, आणि पुन्हा एकदा. मी हात सोडवून घेतला.

तन्वीला त्याच दिवशी फोन केला. ती रडली नाही. "बरा," म्हणाली. "चौकशी करतंय." जागा दुसऱ्या कोणाला दिली होती. पुढची नोव्हेंबरात मिळाली तर मिळेल.

अकरा मेला सुगंधाला दुसरा झटका आला. हलका होता असं मालवणचे डॉक्टर म्हणाले. घरी आणल्यापासून तिचा तो शब्दही गेला. तन्वी आठवड्यातून एकदा फोन करते, तेव्हा मी मोबाइल सुगंधाच्या कानाला लावतो. आधी पलीकडे कीप ऐकू जायचं. आता तन्वी श्वास ऐकते आणि ठेवते. माझ्याशी कामापुरतं बोलते.

देवळात जातो. सातेरीवर माझा राग नाही. राग कसा असेल? तुमच्या यादीत जवळ राखणे सर्वांत शेवटी होतं. पुढे जात राहा, हे त्याच्या कितीतरी आधी होतं. मी कागदावर उतरवताना शेवटचं पहिलं केलं. उजवी पाकळी पडली आणि मी उठलो. बाकीचे प्रश्न विचारलेच नाहीत. गंगाराम म्हणाला होता, "होते बाकीचे?" मी कागद खिशात घातला आणि म्हटलं, "देवीन सांगल्यान मां, झाला." तन्वीने ते बघितलं होतं. देवीच्या नावावर मी माझी भीती खपवली. एकटा राहायला मी घाबरलो, दादा. रापणीवरून घरी यायचं आणि पडवीत कोणी नसायचं, एवढ्यालाच. तीन महिन्यांना.

मी हल्ली देवासमोर बसतो, पण मागत काही नाही. मागायला तोंड उरलेलं नाही. दिवा लावतो, कारण तिला ते बघायची सवय आहे.

पावसाळ्यासाठी समुद्र बंद झाला, किनाऱ्यावर कोणी नाही. दिवसभर आम्ही दोघंच. मी विचारतो, ती हात दाबते. पाणी, पेज, कूस बदलू का, दार लावू का. सगळ्याला उत्तर येतं. पण हाताला पूर्वीचा जोर राहिलेला नाही. एकदा की दोनदा हे कधी कधी समजत नाही, मग परत विचारावं लागतं. डॉक्टर म्हणाले, हे असंच कमी होत जाईल.

एक प्रश्न मी अजून विचारलेला नाही. मी तुला माझ्यासाठी ठेवून घेतलं, हे तुला ठाऊक आहे का? रोज सकाळी ठरवतो, आज विचारायचं. तिचं तोंड पुसतो, केस विंचरतो, खाटेजवळ बसतो.

काल दुपारी तिने आपणहून माझा हात धरला. डोळे माझ्यावर लावले आणि वाट बघत राहिली.

मी विचारलं, "पाणी होया?"

दोनदा.

"पेज होयी?"

दोनदा. हात सोडला नाही.

मी म्हटलं, "दार लावू?"

सत्यवान